वरचा बांध

"ह्याला कल-डी-सॅक म्हणतात, काका," सानिया म्हणाली आणि हातातल्या माहितीपत्रकाने समोरच्या शेवटच्या बंगल्यामागची कंपाउंडची भिंत दाखवली. "रस्ता इथेच संपतो. पुढे जाणारं कुणी नाही, म्हणून येणारंही कुणी नाही. अगदी निवांत."

धाकलूने भिंतीकडे पाहिलं, मग मागे वळून आल्या वाटेकडे पाहिलं. एका अंगाला चार बंगले, दुसऱ्या अंगाला तीन, टोकाला रस्त्याकडे तोंड केलेला आठवा, दारापुढे हातभर लॉन आणि मधून डांबरी रस्ता. गेटापाशी सदू वॉचमन खुर्चीत बसून डुलक्या घेत होता.

"म्हंजे आंधळी गल्ली," धाकलू म्हणाला. "आमच्या टायमाला असल्या गल्लीत बैलगाडी घातली तर गाडीवानाला शिव्या पडायच्या. आता लोकं करज काढून घुसतात व्हय?"

सानिया मोकळेपणाने हसली. कर्जतच्या बाजारात तिच्या आजोबांचं, मोहियुद्दीनभाईंचं, भांड्यांचं दुकान होतं आणि बडेकरांच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची भांडी तिथलीच. त्या ओळखीपोटी रविवार असूनही ती बिल्डरच्या ऑफिसातून किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली होती. धाकलूचा पुतण्या स्वप्नील मात्र हसला नाही. काकाने विनोद करावेत अशी ही वेळ नाही, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

बडेकरांच्या घरात एकमताने काही झालं असेल तर ते फक्त भांडण. गावातलं घर रस्तारुंदीत गेल्यापासून ही माणसं कर्जतला भाड्याच्या दोन खोल्यांत, दुसऱ्या मजल्यावर राहत होती. स्वप्नीलच्या आईचे, जयवंताचे, गुडघे जिन्याला कंटाळले होते. स्वप्नीलने स्टेशनजवळच्या टॉवरमधला फ्लॅट पसंत केला, त्याच्या बायकोने, आरोहीने, तिथल्या लिफ्टमधून दोनदा वरखाली जाऊन पाहिलं, सगळं ठरत आलं आणि नेमकं तेव्हाच जयवंता म्हणाली, "मला शेवरीच्या तुकड्यातलं शेवटचं घर पायजे."

ज्या बाईने उभ्या आयुष्यात साडीचा रंगसुद्धा स्वतःहून सांगितला नाही, तिने घर मागावं, तेही बोट दाखवून, हे कुणाच्या पचनी पडेना. शेवरीचा तुकडा म्हणजे बडेकरांचंच भातशेत. रोहिदासने, तिच्या नवऱ्याने, हयात असताना स्वतः विकलेलं. पुढे ते या हातातून त्या हातात गेलं आणि आता तिथे ही गल्ली उभी राहिली होती.

कारण तिने सांगितलं नव्हतं. सांगता येण्यासारखं असतं तर ते कधीच सांगून झालं असतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, लेकीच्या, हिरूच्या, आधी, तिला एक मुलगा झाला होता. बारसं व्हायच्या आत तो गेला. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. आणि ठेवायला बायका जात नाहीत. रोहिदास आणि त्याचा धाकटा भाऊ धाकलू लेकराला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले, आणि ही दाराआड बसून राहिली. परत आल्यावर रोहिदास एवढंच म्हणाला, "शेवरीत, वरच्या बांधाला ठेवला." त्यानंतर मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही. त्याने तो तुकडाही त्याच वर्षी गावातल्या दुसऱ्या एका घराला अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, कसायला देऊन टाकला. आपल्या बायकोला तिथे चिखलात उभं राहून लावणी करावी लागू नये, एवढाच त्याचा हेतू. बिचाऱ्याला बोलता आलं नाही म्हणून त्याने शेतच दुसऱ्याला दिलं.

पण जयवंता जायचीच. दर आषाढात गवताच्या निमित्ताने ती टेकडीच्या पायथ्याशी, वरच्या बांधाला जायची, तिथे वाटीभर दूध ओतायची, पदर तोंडात कोंबून रडून घ्यायची आणि गवताचा भारा डोक्यावर घेऊन घरी यायची. शेत विकल्यावर तारा लागल्या, मग भिंत आली. आणि आता आठ नंबरच्या बंगल्याचं मागचं अंगण नेमकं त्याच बांधावर आलं होतं. तिला उरलेलं म्हातारपण तिथे काढायचं होतं. दुसऱ्या कुणी ते घर घेतलं की मागच्या फाटकाला कुलूप लागणार आणि मग या म्हातारीला आत कोण सोडणार, या एका भीतीने तिची झोप उडाली होती.

शेवटी काल संध्याकाळी, गवारीच्या शेंगा मोडता मोडता, तिने ते आरोहीला सांगून टाकलं. आणि लगेच म्हणाली, "बोलू नको हां कुनाला." सुनेला सांगायचं आणि बोलू नको म्हणायचं, म्हणजे मांजराला दुधाची राखण दिल्यासारखंच होतं.

आठ नंबरच्या रिकाम्या स्वयंपाकघरात बडेकरांची पुढची पिढी ओट्याभोवती उभी होती. हिरू सकाळीच कशेळ्याहून जीपने आली होती. ती लहानपणापासून थोरलीच्या थाटात बोलायची, आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तो थाट गेला नव्हता.

"आपणच इकलेली जमीन आणि आपणच परत घर घ्यायला आलो," ती म्हणाली. "माझ्या सासरची माणसं तोंडात शेण घालतील. आणि दार बघितलंस का सपन्या? रस्ता सरळ उंबऱ्यावर येतो. असल्या घराला माणूस लाभत नाय."

"मी तेच बोलतोय," स्वप्नील म्हणाला.

हिरूने चमकून भावाकडे पाहिलं. वडिलांच्या आजारपणात त्यांना मुंबईला हलवायचं की नाही यावरून या दोघांचं जे बिनसलं होतं ते अजून सांधलं नव्हतं. आज पहिल्यांदाच तो तिच्या बाजूने बोलत होता, आणि तिला ते मनातून फार बरं वाटलं.

"माझी कंपनी खोपोलीला," स्वप्नील पुढे म्हणाला. "इथनं रोज गाडी काढा, संध्याकाळी पुन्हा आत या. आरोहीला तर रिक्षाही मिळणार नाय. आईला एक वेड लागलंय. निघंल दोन दिवसांत."

"आपण आठ नंबरच घ्यायचं," आरोही म्हणाली.

स्वप्नील तिच्याकडे वळला.

"तू बोलतेस हे?" स्वप्नील म्हणाला. "परवापर्यंत तुला लिफ्ट पायजे होती."

"आता नको."

"सासूनं काय खायला घातलं रं हिला?" हिरू भावाकडे बघून म्हणाली. "आरोही, आई आज हाय, उद्या नाय. रस्त्याच्या तोंडावर तुमाला राहायचंय. जरा डोकं चालव."

आईंना दिलेला शब्द आरोहीला मोडायचा नव्हता. पण या दोघा बहीणभावांची युती झाली की त्यांच्यापुढे जयवंताबाईचं काही चालत नाही, हेही तिने पाहिलेलं होतं. आज नाही म्हटलं गेलं तर ते कायमचं.

"ताई, तुमच्या आधी आईंना एक मुलगा झाला होता," ती म्हणाली. "नवव्या दिवशी गेला. त्याला ह्या शेतात ठेवलाय. इथे मागे, टेकडीकडच्या बांधाला."

सगळं एका दमात सांगून ती थांबली.

"म्हंजे मी थोरली नाय?" हिरू म्हणाली.

आपण काय बोलून गेलो हे तिचं तिलाच कळलं आणि ती ओट्याला टेकली. तिला आठवलं, आषाढात आई गवताला निघाली की ती मागे लागायची, "मी पन येते." एरवी बोट धरून नेणारी आई त्या एका दिवशी तिला हाताला धरून परत घरात ढकलायची. तेव्हा हिरू रडून आकांत करायची. आईची आपल्यावर माया कमी, सपन्यावर जास्त, हे तिने तेव्हापासून मनात धरलेलं होतं आणि त्याचा राग तिने कुठे कुठे काढला होता ते तिचं तिला माहीत. ती डोळ्यांना ओढणी लावून रडायला लागली.

स्वप्नीलला राग आला. दुःख झालं की त्याला आधी रागच यायचा, वडिलांसारखाच.

"बाबांना म्हाईत होतं ना? मग इकली कशी त्यांनी?"

"तुझ्या डिप्लोम्यासाठी विकली," आरोही म्हणाली. "विसरलास का?"

स्वप्नीलने खाली बघत विचारलं, "आईनं मला का नाय सांगितलं?"

"कुणी विचारलं त्यांना?" आरोही म्हणाली. "मागच्या वर्षी आपण दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आलो, तू गाडीत एक शब्द बोलला नाहीस. मीही बोलले नाही. घरी आल्यावर आईंनी मला जवळ घेतलं आणि कानात विचारलं, 'त्यांनी कुठं ठेवलं गं?' मला इतका राग आला होता तेव्हा. पोटातल्या दोन महिन्यांचं काय कुठे ठेवणार? असलं काय विचारतात, असं वाटलं. काल कळलं मला त्या काय विचारत होत्या."

स्वप्नीलने बायकोकडे नीट पाहिलं. त्या दिवसाबद्दल ती आज पहिल्यांदा बोलत होती. त्याने तिचा हात धरला, बहिणीसमोर धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

मागच्या अंगणात जयवंता पायरीवर बसली होती. समोर भिंतीपलीकडे ओढा, त्याच्या पलीकडे लगेच टेकडी. पाऊस संपून गवत पिवळं पडायला लागलं होतं. आत काय चाललंय ते तिला ऐकू येत नव्हतं, पण आवाज चढत नाहीत, याचा अर्थ आरोहीने सांगून टाकलं, हे तिने ओळखलं. तिला राग आला नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. आता पोरं नाही म्हणणार नाहीत.

दोन हातांवर धाकलू आणि सानिया बोलत उभे होते.

"काका, पावसात इथे पाणी तुंबतं का हो?" सानिया विचारत होती. "गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतात."

"हितं नाय तुंबनार. आमचा हा तुकडा कालव्याच्या पान्यावरचा. भिवपुरीच्या वीजघरातनं सुटलेलं पानी कालव्यानं यायचं, उन्हाळ्यातबी भात घ्यायचो आमी. पानी तिकडनं, रस्त्याच्या अंगानं शेतात घ्यायचं, नि जास्तीचं हितनं ओढ्याला सोडायचं. हा खालचा बांध ना."

सानियाचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत पुढच्या दाराकडे गेली.

"भावजी," जयवंताने हाक मारली. "आता काय म्हनलात? हा कंचा बांध?"

"खालचा. शेवरीचा खालचा बांध."

"हा वरचा ना? टेकडीकडला."

धाकलू हसला. वहिनीची चेष्टा करायचा हक्क त्याने मिसरूड फुटायच्या आधीपासून बजावलेला होता. "वहिनी, इतकी वरसं सासरी काढलीत नि अजून खालापूरच्याच राहिलात. टेकडीचा काय संबंध? पानी येतं ते वर, पानी जातं ते खाल. वरचा बांध तिकडं, कालव्याकडं. आता गेट हाय ना, तितं."

जयवंताच्या माहेरी, खालापूरच्या त्या गावात, कालवा नव्हता. तिथे सगळी शेती पावसावर, आणि वर म्हणजे टेकडीकडे, खाली म्हणजे नदीकडे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. या गावात वर आणि खाली कालव्याचं पाणी ठरवतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि या शेतात तिला पाणी धरू दिलं असतं, चार हंगाम लावणी करू दिली असती, तर न सांगताही कळलं असतं. रोहिदासने मायेपोटी तिला त्या शेतापासून लांब ठेवलं. ती मात्र त्याच्या दोन शब्दांचा माहेरचा अर्थ घेऊन बांधावर येत राहिली.

"वहिनी?" धाकलू जवळ आला. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विरून गेलं. "काय झालं वं?"

"तुमी त्याला वरच्या बांधाला ठेवलात."

'त्याला' म्हणजे कुणाला, हे धाकलूला विचारावं लागलं नाही. तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. कुदळ त्याच्या खांद्यावर होती आणि दादाच्या हातात ते गाठोडं. शेतात गुडघाभर पाणी होतं, कोरडी माती फक्त कालव्याच्या बाजूला. दादाने कुदळ स्वतः घेतली, त्याला तोंड फिरवून उभं राहायला सांगितलं. नंतर वर धोंडा आणि बोरीची काटेरी फांदी ठेवली, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. परत येताना दादा म्हणाला, "घरात काय बोलायचं नाय." धाकलूनेही कधी तोंड उघडलं नाही.

"व्हय," तो म्हणाला.

"म्हंजे तिकडं, गेटाजवळ?"

"गेटाच्या जरासं आत. रस्ता सुरू व्हतो तितं."

"डांबराखाली."

ही बाई इथे का बसली आहे, तिला हेच घर का हवंय, आणि हरसाल गवताला म्हणून ती कुठे जात होती, हे सगळं त्याच्या आता एकदम लक्षात आलं. तो हळूच तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"दूध वतायची मी हितं," ती म्हणाली. "दर साली. पहिल्या दोन-तीन सालांत तर अंगावरचं. कुनाला वतलं मी, भावजी? गवताला वतलं. तो तिकडं एकटा, नि मी हितं बसून रडायची."

ती रडायला लागली. आवाज न करता रडायची तिला सवय होती, पण आज ते तिला जमलं नाही. धाकलूने खिशातला रुमाल काढून तिला दिला आणि स्वतः बाहीने डोळे पुसले. आपण साठी ओलांडलेला माणूस, नातवंडांचा आजा, आणि आपल्याला एवढ्या वर्षांत एकदाही वहिनीजवळ बसून ती जागा सांगावीशी वाटली नाही, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"मी सांगतो सपन्याला," तो म्हणाला. "नको हे घर. काय करायचंय हितं? जाऊ दे त्यांना त्यांच्या टॉवरात."

जयवंताने त्याचं मनगट पकडलं.

"नाय. एक अक्षर बोलायचं नाय तुमी."

"अवं पन..."

"टॉवरात गेले तर ह्या गेटात मला कोन घेईल? हितं घर असलं तर जाता-येता तरी मी त्याच्याजवळनं जाईन."

"मग खरं सांगून घर घेऊ. त्यात काय?"

"सपन्या रोज सकाळ-सांज त्या गेटातनं गाडी नेनार," ती म्हणाली. "खाली आपला भाऊ हाय हे कळल्यावर चाक फिरंल का त्याचं? आरोही जाईल, उद्या त्यांची पोरं सायकल खेळतील. समद्यांना काय म्हनून सांगायचं? त्यांना हितंच हाय म्हनू दे. माझं मी बघंन."

"तुमाला रोज त्याच्यावरनं जावं लागंल, वहिनी."

"व्हय," ती म्हणाली. "त्याला काय इलाज?"

दार उघडलं आणि स्वप्नील बाहेर आला. मागून हिरू, तिच्या मागे आरोही. हिरू येताच खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी हमसून रडली. जयवंताने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"उगी गं. उगी. इतकी वरसं झाली आता."

आरोही जरा लांबच उभी होती. "आई, मी सांगितलं," ती म्हणाली. "रागावू नका."

"नाय रागावले. तू नसतं सांगितलंस तर मी मेल्यावर कळलं असतं यांना. तेबी कळलं असतं का नाय, देव जाणे."

स्वप्नील अंगणात जमिनीकडे बघत फिरत होता. एवढ्याशा जागेत त्याला पाय कुठे ठेवावा ते कळेना. बघता बघता त्याने चपला काढल्या. जयवंताने ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

"काका," तो धाकलूपुढे येऊन उभा राहिला. "तुमी होतात ना बाबांबरोबर? नक्की हितंच ना?"

गावात बांधाचा वाद असो की वासरू कुणाचं हा तंटा, धाकलू बडेकर काय म्हणतो ते शेवटचं धरायचे. खोटी साक्ष देण्यापेक्षा त्याने एकदा सख्ख्या मेहुण्याशी संबंध तोडले होते. त्याने वहिनीकडे पाहिलं. ती हिरूच्या केसांतून हात फिरवत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. फक्त आता तिचा हात थांबला.

"हितंच," धाकलू म्हणाला. "मी सोता बघितलाय."

स्वप्नीलने खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. हिरू उठली, तिनेही लावली. मग आरोहीने पदर असल्यासारखी ओढणी डोक्यावर घेतली आणि वाकून नमस्कार केला. तिघंही ओळीने उभी होती, त्या रिकाम्या जागेपुढे हात जोडून. वडील गेल्यापासून ही भावंडं अशी खांद्याला खांदा लावून कधी उभी राहिली नव्हती. जयवंताला वाटलं, ओरडून सांगावं, अरे तिथं काही नाही, हात जोडू नका. तिने दातांखाली पदर धरला.

"हितं तुळस लावू या, आई," हिरू म्हणाली. "मी कशेळ्याहून रोप आणीन. घराचं काय, रस्ता दारावर येतो तर येऊ दे. आपल्या माणसाची जागा हाय ना, मग कसला दोष नि कसलं काय."

"लावू," जयवंता म्हणाली.

सानिया परत आली तेव्हा सगळ्यांचे डोळे सुजलेले पाहून गोंधळली. "काही झालंय का? उद्या बोलायचं का आपण?"

"उद्या कशाला? आठ नंबर ठरला," स्वप्नील म्हणाला, आणि हिरू त्याच क्षणी म्हणाली, "आठ नंबर." बहीणभाऊ एकमेकांकडे बघून ओल्या डोळ्यांनी हसले.

निघताना स्वप्नीलने गाडी वळवून दारापुढे आणली. रस्ता संपत असल्यामुळे त्याला ती दोनदा पुढे-मागे घ्यावी लागली. हिरू आणि आरोही मागे बसल्या. जयवंता मात्र आत बसेना.

"तुमी व्हा. मी भावजींसंगट गेटापर्यंत चालत येते."

"गुडघे दुखतील, आई," आरोही म्हणाली.

"नाय दुखत आज."

ती आणि धाकलू पुढे चालायला लागले. बंगले अजून बहुतेक रिकामेच होते. एका दारात नवी चपलांची मांडणी ठेवलेली, एका गच्चीवर चादर वाळत घातलेली. गेट जवळ आलं तसा धाकलूचा वेग कमी झाला. त्याने एकदा पलीकडचा कालवा बघितला, आंब्याचं जुनं झाड कुठे होतं ते मनाशी धरलं, आणि आणखी थोडं पुढे जाऊन थांबला.

"हितं, वहिनी," तो पुटपुटला.

जयवंता उभी राहिली. पायाखाली सगळीकडे होतं तसलंच डांबर, उन्हाने तापलेलं. तिला वाकायचं होतं, हात टेकायचा होता. पण खुर्चीतून सदू बघत होता, आणि मागे गाडीत पोरं होती. ती नुसती उभी राहिली.

मागून हॉर्न वाजला. धाकलूने तिच्या कोपराला धरलं आणि तिला कडेला घेतलं. गाडी त्यांच्यापाशी येऊन थांबली, स्वप्नीलने काच खाली केली.

"बस आता, आई. पुढं बस."

"बसते गेटाबाहेर. तू घे पुढं," ती म्हणाली. "सावकाश घे रं."

"रस्ता तर मोकळा हाय."

"तरीबी. सावकाश."

त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आज तिला नाही म्हणायचं नाही, असं त्याने ठरवलेलंच होतं. त्याने मान डोलावली आणि गाडी अगदी हळूहळू पुढे काढली.